कॉलेज नेमके कोणाचे? : कारभारी मंडळातील शिक्षकाची खुर्ची

नाशिकला कॉलेज रोडवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे एच. पी. टी. महाविद्यालय आहे आणि तेथून फार लांब नसलेल्या गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचे के. टी. एच. एम. महाविद्यालय. दोन्हींत अभ्यासक्रम सारखेच, दोन्ही पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेली, दोन्हीकडे जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात. तरीही ‘हे कॉलेज कोणाचे?’ असा प्रश्न विचारला, तर दोन्हींच्या जन्मकथेतून वेगवेगळी उत्तरे येतात. एकाची मुळे ‘शिकवणाऱ्यांचे’ या उत्तरापर्यंत जातात, दुसऱ्याची ‘सभासदांचे’ या उत्तरापर्यंत. महाराष्ट्रातील बहुतेक खासगी महाविद्यालयांचा कारभार या दोन उत्तरांच्या मधे कुठेतरी चालत आला आहे.

महाविद्यालयाच्या कारभाराविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा निवडणुका, देणग्या आणि वाद यांच्या निमित्ताने. कारभारी मंडळात कोण बसते, कोणाच्या वतीने बसते, आणि त्यात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या माणसाची खुर्ची कोठे असते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न आहे.

पंचाहत्तर रुपयांचे मालक

या गोष्टीची सुरुवात पुण्यात होते. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. हा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण सोसायटीच्या घटनेतील खरी नवलाई या तारखांत नाही. ती ‘आजीव सदस्य’ या कल्पनेत आहे.

आजीव सदस्य म्हणजे आजच्यासारखा वर्गणी भरून नाव नोंदवलेला सभासद नव्हे. तो स्वतः शिक्षक असे. वीस वर्षे संस्थेत शिकवीन, महिना पंचाहत्तर रुपयांवर समाधान मानीन, अशी बांधिलकी तो पत्करी. त्या बदल्यात त्याला मिळे तो कारभाराचा अधिकार. देणगीदार आणि हितचिंतक यांचे प्रतिनिधी आजीव सदस्यांबरोबर कौन्सिलमध्ये बसत. पण रोजचा कारभार, म्हणजे कोणी काय शिकवायचे, कोणाला घ्यायचे, पैसा कोठे लावायचा, हे आजीव सदस्यांचे मंडळ ठरवी. थोडक्यात, पगार कमी घ्यायचा आणि मालकी आपली ठेवायची असा हा सौदा होता. १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे सरकारी नोकरीची वाट सोडून फर्ग्युसनमध्ये आले, ते याच सौद्यावर.

हा सौदा किती नाजूक होता, हे पहिल्या दहा वर्षांतच दिसले. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरून मिळकत करू नये, हा टिळकांचा आग्रह. आगरकर, गोखले आदींना ही कसोटी जाचक वाटे. घरसंसार आहे, सार्वजनिक काम आहे, त्याला मोकळीक हवी, असे त्यांचे म्हणणे. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि वाद विकोपाला गेला. मंडळातले बहुमत टिळकांच्या विरुद्ध होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी प्रदीर्घ राजीनामापत्र लिहून संस्था सोडली.

टिळक-आगरकर वाद म्हटले की आपल्याला सामाजिक सुधारणेचा वाद आठवतो. तो होताच. पण टिळकांनी राजीनामा दिला तो कारभारी मंडळाच्या प्रश्नावर. संस्थेचा मालक झालेल्या शिक्षकाने स्वतःवर कोणते बंधन घालून घ्यायचे, हा तो प्रश्न होता. आणि तो सोडवला शिक्षकांनीच, आपापसांत, मतदानाने. वरून कोणी अध्यक्ष, दाता किंवा सरकारी अधिकारी आला नाही. हरलेला शिक्षकही त्या मंडळाचा बरोबरीचा घटक होता.

गोखल्यांच्या नावाने नाशिकात

गोखले १९१५ साली १९ फेब्रुवारीला गेले. तीन वर्षांनी, १९१८ साली त्याच तारखेला प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापली. संस्थेला गोखल्यांचे नाव देणे म्हणजे त्या पुणेरी परंपरेशी नाते सांगणे होते. वाहून घेतलेल्या शिक्षकांनी संस्था उभी करायची आणि त्यांनीच ती चालवायची, हा तो धागा. १९२४ साली नाशिकमध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. तोवर नाशिकच्या मुलाला पदवीसाठी पुण्याला किंवा मुंबईला बिऱ्हाड करावे लागे. विष्णु वामन शिरवाडकर याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. वसंत कानेटकर येथे मराठी शिकवत.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. इमारतीवर नाव दात्याचे आहे, परिसराला नाव प्राचार्य कुलकर्णींचे आहे. दाता नाव देतो, कारभार शिक्षक करतो, असा हा विभागलेला मान होता. पुढे बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य मो. स. गोसावी हे दीर्घकाळ संस्थेचे सचिव राहिले, हेही याच परंपरेला धरून झाले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्षकांनी शिक्षकांतून निवडलेले मंडळ आपल्याच वर्तुळातून माणसे घेते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे वर्तुळ शहरी, उच्चवर्णीय आणि इंग्रजी शिकलेले होते. निफाडच्या द्राक्षवाल्याच्या किंवा कळवणच्या शेतकऱ्याच्या पणजोबाला त्या मंडळात शिरायला दारच नव्हते. तो मुलाला तेथे शिकायला पाठवू शकत होता, कारभाराबद्दल विचारू शकत नव्हता.

सभासदांचा वाडा

दार नव्हते, म्हणून दुसरा वाडा बांधला गेला. १९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची मुहूर्तमेढ रोवली गेली. तिच्यामागे सत्यशोधक चळवळीचा विचार होता आणि राजर्षी शाहू महाराजांची प्रेरणा. गणपतदादा मोरे, रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, डी. आर. भोसले, कीर्तिवानराव निंबाळकर, अण्णासाहेब मुरकुटे ही नावे जिल्ह्यात आजही ‘कर्मवीर’ या उपाधीसह घेतली जातात. आरंभ कॉलेजने नव्हे, बोर्डिंगने झाला. खेड्यातल्या मुलाला नाशिकात आधी राहायला आणि जेवायला जागा हवी होती. वर्गखोलीचा प्रश्न त्यानंतरचा. उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीच्या कोनशिलेसाठी १९२०च्या एप्रिलमध्ये शाहू महाराज स्वतः नाशिकला आले होते. के. टी. एच. एम. महाविद्यालय निघाले १९६९ साली. त्याच्या नावातील अक्षरे थोरात, हिरे आणि मुरकुटे यांची.

या संस्थेचा पाया वर्गणी आणि सभासद. आज सभासदांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे आणि दर पाच वर्षांनी ते कार्यकारी मंडळ निवडतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, उपसभापती, सरचिटणीस, चिटणीस आणि प्रत्येक तालुक्याचे संचालक अशी पदे असतात. ही निवडणूक ज्याने पाहिली आहे त्याला बाजार समितीची किंवा साखर कारखान्याची निवडणूक समजावून सांगावी लागत नाही. पॅनल पडतात, तालुक्या-तालुक्यात मेळावे होतात, मळ्यांवर गाठीभेटी होतात. २०२२च्या ऑगस्टमध्ये सत्तांतर झाले, तेव्हा महाविद्यालयाची पायरी कधी न चढलेले सभासदही निकालाकडे डोळे लावून होते.

शहरी मंडळी या प्रकाराला नाके मुरडतात. ते उथळपणाचे आहे. ज्या समाजाला शिक्षणाच्या कारभारात कधी मत नव्हते, त्याने मत मिळवले आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ राखले, ही लहान गोष्ट नव्हे. सरचिटणीसाला दर पाच वर्षांनी सिन्नरच्या आणि सटाण्याच्या माणसापुढे उभे राहावे लागते; आजीव सदस्यांच्या मंडळाला तसे कधीच उभे राहावे लागले नाही.

मात्र या वाड्यात शिक्षकाची जागा बदलली. येथे मालक सभासद आहेत आणि शिक्षक ‘सेवक’. मराठा विद्या प्रसारकच्या मंडळात सेवक संचालकांच्या वेगळ्या जागा आहेत, हे त्या घटनेचे शहाणपणच. तरीसुद्धा निवडणुकीवर चालणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत एक पेच राहतोच. कालपर्यंत प्रचारात हिंडलेल्या पॅनलच्या हाती आज शिक्षकाची बदली आणि बढती येते. अशा वेळी शिक्षक मंडळात बसला, तरी तो मोकळेपणी किती बोलेल, हे घटनेच्या कलमावर ठरत नाही.

सरकारचा पगार, कायद्याची समिती

सत्तरच्या दशकापासून अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून येऊ लागले. पंचाहत्तर रुपयांचा जुना सौदा तेथे संपला. त्यागाच्या बदल्यात मालकी हे सूत्रच उरले नाही, कारण त्यागाची गरज उरली नाही. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आली आणि संस्थाचालकांच्या हाती पैशाचे नवे बळ आले. शिक्षक दोन्हीकडे नोकरदार झाला. एकीकडे सरकारचा, दुसरीकडे संस्थेचा.

मग त्याला कारभारात जागा द्यायची कशी? याचे उत्तर विद्यापीठ कायद्याने दिले. १९९४च्या कायद्यात ‘स्थानिक व्यवस्थापन समिती’ होती. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात तिच्या जागी कलम ९७ खाली ‘महाविद्यालय विकास समिती’ आली. तिची रचना अशी : संस्थेचे अध्यक्ष व सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी, असे दोन, प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक स्त्री, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक, शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक सदस्य, त्यांत किमान एक माजी विद्यार्थी, गुणवत्ता कक्षाचा समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य. वर्षातून किमान चार बैठका बंधनकारक.

बेरीज पंधरा होते. त्यांत विभागप्रमुख, समन्वयक आणि प्राचार्य धरले तर शिकवण्याच्या पेशातले सहा. कागदावर हे वाईट नाही. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली अधिकाराची. ही समिती विकास आराखडा तयार करते, अंदाजपत्रकाची आणि नव्या अभ्यासक्रमांची शिफारस करते. अंतिम शब्द संस्थेच्या व्यवस्थापनाचा. म्हणजे हा घरातला खालचा मजला. तिजोरी वरच्या मजल्यावर. दुसरी गोष्ट रिकाम्या खुर्च्यांची. विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष निवडणुका १९९४च्या कायद्याने बंद झाल्या होत्या. २०१६च्या कायद्याने त्या परत आणल्या, पण त्या लांबणीवर पडत राहिल्या. परिषद नाही तेथे विद्यार्थ्यांच्या दोन जागांवर बसायला कोणी नाही.

स्वायत्त महाविद्यालयांची तऱ्हा आणखी वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत नियामक मंडळ बारा जणांचे होते. त्यांत व्यवस्थापनाचे पाच आणि शिक्षक दोन; आणि हे दोन शिक्षक निवडून येत नसत, ज्येष्ठतेनुसार प्राचार्य त्यांना नेमत. महाविद्यालय विद्यापीठापासून जितके स्वतंत्र होते, तितका शिक्षक निवडीच्या हक्कापासून दूर जातो. स्वायत्ततेच्या चर्चेत हा मुद्दा फारसा कोणी काढत नाही.

ज्याला खुर्चीच नाही तो

एवढा हिशेब केल्यावर एक माणूस बाहेरच उरतो. विकास समितीसाठी मत देण्याचा हक्क आहे पूर्णवेळ शिक्षकाला. आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक उचलतात. नेट किंवा सेट झालेला, पुष्कळदा पीएच.डी. असलेला हा शिक्षक तासागणिक मानधन घेतो, दिवाळीत आणि उन्हाळ्यात त्याचे उत्पन्न थांबते, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्याला मत नाही, म्हणून खुर्ची नाही, म्हणून त्याचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर यावा अशी कोणाला निकडही नाही.

१८८५चा आजीव सदस्य आणि आजचा तासिका शिक्षक यांची मिळकत आपापल्या काळाच्या मानाने तुटपुंजीच. पहिला ती स्वेच्छेने पत्करी आणि बदल्यात संस्था चालवी. दुसऱ्यावर ती लादलेली आहे आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत आपण त्याग तेवढा शिल्लक ठेवला आणि त्याच्या जोडीचा अधिकार काढून घेतला.

याला उपाय म्हणून कोणी आजीव सदस्यांचे जुने दिवस परत मागू नयेत. त्या मंडळाला दार नव्हते, हे वर आलेच आहे. सभासदांचे मत हवे आणि शिक्षकाची खुर्चीही हवी. कायद्यात त्यासाठी फार मोठी दुरुस्ती लागणार नाही. मतदार कोण, या एका व्याख्येत सलग काही वर्षे शिकवणारा तासिका शिक्षक आला, तरी मोठे पाऊल पडेल.

तोवर पालक, माजी विद्यार्थी आणि सभासद यांच्या हाती दोन साधी कामे आहेत. संस्थेच्या विश्वस्तांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट एकच्या उताऱ्यात नोंदलेली असतात. तो उतारा अर्ज करून मिळतो, नाशिकलाही हे कार्यालय आहे. आणि महाविद्यालयात जाऊन विचारता येते : विकास समितीत निवडून आलेले तीन शिक्षक कोण, आणि गेल्या वर्षी बैठका किती झाल्या? कायदा चार म्हणतो.