उणे वीस, एक तंबू आणि एक हीटर

‘पंधरा मिनिटं आहेत का? हीटर निवडायचाय, मदत कर.’

मावसभावाचा हा मेसेज आला तेव्हा मी दादर स्टेशनवर घाम पुसत उभी होते. जानेवारी असूनही. दादा मिनिॲपोलिसला एमएस करतोय, दुसरं वर्ष. तिथे त्या दिवशी उणे २० होतं. मला वाटलं, रूमसाठी हीटर हवा असेल. उत्तर आलं, ‘रूममध्ये आहे गं. तळ्यावर न्यायला हवाय. मासे पकडायला.’

आमचं आजोळ मालवणचं. गरी टाकून खडकावर बसणं आम्हाला नवीन नाही. पण गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकायचा, बर्फाला भोक पाडायचं आणि त्यातून गरी सोडायची, हे मात्र ऐकूनच हसू आलं. तासाभराच्या व्हिडीओ कॉलनंतर हसू गेलं. कारण दादाने गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली, जी त्याने मावशीलासुद्धा सांगितली नव्हती.

तळं नाही, गावच!

मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणतात. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११ हजारांच्या पुढे जातो. हिवाळ्यात ती गोठतात आणि त्यांच्यावर अक्षरशः गावं वसतात. मिल लॅक्स, लेक ऑफ द वूड्ससारख्या मोठ्या तळ्यांवर रांगेने छोटी घरं, तंबू, गाड्या उभ्या राहतात. वॉलाय, पर्च, क्रॅपी, नॉर्दर्न पाइक हे तिथले मासे. पाणी सर्वांत जड होतं ४ अंशांना, म्हणून वर बर्फ असला तरी तळाशी पाणी द्रवच राहतं आणि मासे जगतात. अकरावीत हे पाठ केलं होतं, त्याचा उपयोग असा कळला!

पोरं काय करतात? पहाटे निघायचं, ऑगर नावाच्या मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि आधी जाडी मोजायची. चालत जायचं तर किमान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा असं तिथलं सरकारी खातं सांगतं. गाडी न्यायची तर त्याहून बरीच जास्त जाडी लागते. आणि ‘कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो’ हेही तेच खातं सांगतं. मग छत्रीसारखा उघडणारा तंबू उभा करायचा, बादली उलटी टाकून बसायचं आणि वाट बघायची. तीन तास, चार तास. वारा सुटला की बोटं बधिर. म्हणून हीटर.

गेल्या वर्षी काय झालं?

‘पहिल्या वर्षी आमच्याकडे काहीच नव्हतं,’ दादा सांगत होता. ‘तंबू एका सीनियरचा. हीटर कोणाकडून तरी मागून आणलेला, जुना. सिलिंडरच्या डोक्यावर फिरवून बसवायचा, सूर्यफुलासारखा दिसणारा. मोकळ्या हवेत वापरायचा तो. आम्हाला कुठे माहीत?’

वारा आत येत होता म्हणून त्यांनी तंबूची वरची झडप बंद केली. चेन खालपर्यंत ओढली. आत मस्त ऊब आली. तासाभरात रूममेटचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. दादाला झोप यायला लागली. त्यांना वाटलं, पहाटे चारला उठलोय, पोटात काही नाही, म्हणून असेल.

शेजारच्या तंबूतले एक आजोबा ‘मासे लागतायत का?’ विचारायला आले. त्यांनी चेन उघडली, दोघांचे चेहरे बघितले आणि काही न बोलता हाताला धरून बाहेर ओढलं. हीटर बंद केला. थंडीत उभं करून ठेवलं.

‘तासाभराने डोकं उतरलं. आम्ही डॉक्टरकडेही गेलो नाही. तो दुसरा मूर्खपणा,’ दादा म्हणाला. ‘ते आजोबा मासे मोजत स्वतःच्याच तंबूत बसले असते तर?’

मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

त्याला झाली होती ती कार्बन मोनॉक्साइडची बाधा. जळायला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की इंधन अर्धवट जळतं आणि हा वायू तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप ही लक्षणं तर आपल्याला कुठल्याही सोमवारी असतात! म्हणूनच तो कळत नाही.

मोठा घेऊ की छोटा?

यंदा चौघांनी पैसे काढून स्वतःचा तंबू घेतलाय. सहा बाय सहा फुटांचा. आता हीटर. तिकडे हीटरची ताकद बीटीयूमध्ये मोजतात. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ३,४०० बीटीयू म्हणजे एक किलोवॅट. आपल्या बाथरूममधला साधा विजेचा गीझर २ किलोवॅटचा असतो, तो डोळ्यांसमोर ठेवा.

बर्फावर सगळ्यात जास्त दिसतात ते मिस्टर हीटर कंपनीचे ‘बडी’ हीटर. त्यातला ‘लिटल बडी’ ३,८०० बीटीयूचा, म्हणजे गीझरच्या निम्म्याहून थोडा जास्त. मधला ‘बडी’ ४,००० आणि ९,००० अशा दोन पायऱ्यांवर चालतो. ‘बिग बडी’ थेट १८,००० पर्यंत, म्हणजे अडीच गीझरहून जास्त.

माझं मत अर्थातच, ‘मोठा घे, एकदाच काय ते!’

दादा म्हणाला, ‘तीच चूक सगळे करतात.’ छोट्या तंबूत मोठा हीटर लावला की दहा मिनिटांत जॅकेट काढावं लागतं. घाम येतो, कपडे ओले होतात आणि बाहेर पडल्यावर ओल्या कपड्यांत थंडी दुप्पट वाजते. शिवाय जास्त गॅस जळतो म्हणजे हवाही जास्त लागते. दुसरीकडे, एकेरी कापडाच्या तंबूत वाऱ्याच्या दिवशी लिटल बडी कमी पडू शकतो. तंबू अस्तरवाला असेल तर तोच पुरतो. म्हणजे आधी तंबू बघायचा, मग हीटर. दुकानात मात्र आपण उलटं करतो.

मग गॅसचा हिशोब. ताकद वाढली की गॅस संपतो. बडीला लागणारं छोटं हिरवं सिलिंडर एक पौंडाचं, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचं. एक पौंड प्रोपेन साधारण २१,५०० बीटीयू उष्णता देतं. भागाकार करा. ९,००० वर अडीच तासांच्या आसपास, ४,००० वर पाच तासांहून थोडं जास्त. दिवसभर बसायचं तर तीन-चार सिलिंडर. मोठं २० पौंडी सिलिंडर नळी लावून वापरता येतं, ९,००० वर ते जवळजवळ दोन दिवस चालतं. पण ते तंबूच्या बाहेर ठेवायचं. आणि बसची वाट बघत तळ्यावर जाणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी ते ओढायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

प्रोपेनच का?

आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळतो. म्हणजे बाहेर उणे २० असेल तर तो सिलिंडरमध्ये नुसता द्रव होऊन पडून राहतो, वायू होतच नाही. हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला गेलेल्यांना रडतखडत पेटणारा छोटा स्टोव्ह आठवत असेल, त्यात बऱ्याचदा हेच कारण असतं. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून मिनेसोटात चालतो. तरी कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधला दाब घटतो आणि ज्योत बारीक होते. त्यामुळे सिलिंडर थेट बर्फावर ठेवत नाहीत, खाली लाकडाची फळी टाकतात.

अजून एक गंमत. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं. एका पौंडी सिलिंडरमधून जवळजवळ पाऊण लिटर! हे पाणी वाफ होऊन तंबूच्या कापडावर बसतं, गोठतं आणि ऊब वाढली की डोक्यावर टपटपतं. झडप उघडी ठेवायचं हेही एक कारण.

सेन्सर आहे, पण कशाचा?

मला वाटलं होतं की सेन्सरवाला हीटर घेतला की विषय संपला. इथेच खरी गोम आहे.

बडीसारख्या हीटरमध्ये दोन सोयी असतात. एक, हीटर कलंडला की गॅस बंद. चार जण, चार गऱ्या आणि मासा लागल्यावरची धावपळ बघता ही चैन नाही, गरज आहे. दुसरी सोय म्हणजे ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की आतली छोटी पायलट ज्योत जागेवरून सरकते, तिच्यावर तापणारा थर्मोकपल गार पडतो आणि गॅसची झडप आपोआप मिटते. ना बॅटरी, ना चिप. मला हे फार आवडलं.

पण हा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नर मळलेला असेल, जाळीत कोळिष्टक अडकलं असेल, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही तो विषारी वायू तयार होऊ शकतो आणि सेन्सर गप्प बसतो. म्हणून वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लागतोच. त्यातही खाचखळगे आहेत. बरेच घरगुती अलार्म साधारण ४ ते ३८ अंशांमध्ये चालण्यासाठी बनवलेले असतात. बर्फावरच्या तंबूसाठी थंडीत चालणारा बघून घ्यावा लागतो. दादाने घेतलेला पहिला अलार्म याच कारणाने परत केला.

आणि कितीही सेन्सर असले तरी हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. यावर चर्चा नाही.

शेवटी काय घेतलं?

मधला बडी. सहा बाय सहाच्या तंबूला ४,००० पुरतं, वारा असेल तर थोडा वेळ ९,०००. मोठ्या हीटरचे वाचलेले पैसे अलार्ममध्ये गेले. तंबूची वरची आणि खालची झडप कायम थोडी उघडी, हा चौघांचा नियम. गेल्या रविवारी पहिला पर्च लागला, वीतभर. मावशीने पाठवलेला मालवणी मसाला लावून तळला म्हणे. चौघांत एक मासा, पण फोटो चाळीस.

हा लेख छापायला दादाने एका अटीवर हो म्हटलं. आधी तो मावशीला सगळं सांगणार. त्याने सांगितलं. मावशी दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, ‘त्या आजोबांना पण मासा नेऊन दे.’

आपल्याकडे बर्फ नाही, पण...

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? मलाही तेच वाटत होतं. कॉल संपल्यावर मी पीजीच्या बाथरूममध्ये गेले. तिथे गॅस गीझर आहे, बाथरूमच्या आतच. वर एक छोटी खिडकी. सकाळी गार वारा येतो म्हणून आम्हीच मुलींनी तिच्यात जुने पेपर कोंबलेत. म्हणजे झडप बंद, चेन खालपर्यंत. तोच तंबू!

बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कॉलेजचा ग्रुप मनालीला जातो तेव्हा रात्री तंबूत, खोलीत काय पेटवतो, आठवून बघा.

मी पेपर काढून टाकले. रूममेट ओरडली, ‘थंडी वाजेल ना!’ तिला दादाची गोष्ट सांगितली. आता मालकिणीकडे गीझर बाहेर बसवण्याची मागणी केलीय. तोपर्यंत बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मगच दार लावायचं, असं चाललंय.

लक्षात ठेवा

- गॅस, कोळसा, रॉकेल, काहीही जळत असेल तर हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट हवीच.
- हीटर जागेच्या मापाने घ्या. मोठा म्हणजे चांगला नव्हे.
- ‘फक्त मोकळ्या हवेत’ असं लिहिलेलं उपकरण तंबूत किंवा खोलीत नेऊ नका.
- ऑक्सिजन सेन्सर आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- एकाच खोलीत दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळ, गुंगी आली तर आधी बाहेर पडा, मग कारण शोधा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.
- पेटतं ठेवून झोपू नका.