सुरतेतील यूरोपीय दफनभूमी

सुरतेतील यूरोपीय दफनभूमी : गुजरात राज्यातील सुरत शहरात, कतारगाम दरवाज्याच्या परिसरात असलेल्या इंग्रज, डच व आर्मेनियन लोकांच्या ऐतिहासिक दफनभूमी. मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर म्हणून सतराव्या शतकात सुरतेला जे वैभव लाभले, त्याच्या उरलेल्या मोजक्या वास्तुरूप साक्षींत ह्यांची गणना होते. त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत १६१३ मध्ये स्थिरावली. पाठोपाठ डचांनीही तेथे वखार घातली. मोगल राजवटीत वैभवशाली कबर हे सत्ता व प्रतिष्ठा यांचे द्योतक मानले जाई. वखारवाल्यांनी ही रीत उचलली. त्यामुळे येथील थडग्यांवर साधे ख्रिस्ती शिलाखंड नसून घुमट, कमानी व स्तंभ असलेल्या इमारती आढळतात. मजकूर लॅटिन, वास्तू मात्र मोगल धर्तीची, असा हा संकर आहे. परक्या राजवटीत परवान्यावर व्यापार करणाऱ्यांना लोकांच्या नजरेत उमरावांच्या बरोबरीने दिसण्याची गरज वाटत होती, असे त्यावरून अनुमान निघते.

इंग्रजांच्या दफनभूमीतील सर्वांत भव्य वास्तू म्हणजे ख्रिस्तोफर ऑक्झेंडन (मृ. १६५९) व सर जॉर्ज ऑक्झेंडन (मृ. १६६९) या बंधूंचे सु. १२ मी. उंचीचे सघुमट स्मारक. ख्रिस्तोफरच्या मृत्युलेखात जमाखर्चाच्या परिभाषेचा खुबीने वापर केला आहे : त्याने वर्षांचा नव्हे, दिवसांचाच हिशेब मांडला होता आणि मृत्यूने तो मागून घेतला, अशा आशयाचा हा लेख वखारीतील जीवनाची अनिश्चितता सूचित करतो. जॉर्ज हा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होता. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला जॉर्जने मात्र वखारीचा बचाव केला. याबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आल्यावर तो तेथील गव्हर्नरही झाला. ह्याच घराण्यातील हेन्री ऑक्झेंडन हा १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील म्हणून उपस्थित होता. मुंबईच्या भरभराटीचा पाया घालणाऱ्या जेरल्ड आंजिअरचे निधन १६७७ मध्ये सुरतेतच झाले त्याचे थडगेही येथेच असल्याचे मानले जाते.

डच दफनभूमीत हेन्द्रिक व्हान रीड (१६३६–९१) याची विशाल कबर आहे. ऑक्झेंडन बंधूंच्या स्मारकावर मात करण्याच्या ईर्षेने ती उभारली गेली, असा समज रूढ आहे. मलबारचा डच अधिकारी असताना त्याने स्थानिक जाणकारांच्या साहाय्याने तेथील वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८–९३) सिद्ध करविला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन छापले आहे. सुरतेकडे येत असता मुंबईनजीक समुद्रात जहाजावरच व्हान रीडला मृत्यू आला. लगतच्या आर्मेनियन दफनभूमीत त्या व्यापारी समाजाचे स्वभाषेतील लेख आहेत.

कंपनीने आपल्या पश्चिमेकडील कारभाराचे मुख्य ठाणे १६८७ मध्ये मुंबईस हलविले आणि सुरतेचे महत्त्व क्रमशः ओसरले. त्यामुळे वखारींच्या काळाचे दृश्य पुरावे म्हणून थडग्यांचे मोल मोठे आहे. तथापि ते एकांगी आहेत. मृत्युलेख हे स्वभावतःच गौरवपर असतात आणि ज्यांच्या भांडवलावर व श्रमावर वखारी चालल्या, ते वीरजी व्होरासारखे सावकार, दलाल, विणकर व नोकरचाकर यांचा ठावठिकाणा येथे लागत नाही. वीरजीची पेढी १६६४ मध्ये लुटली गेली, ही गोष्ट वखारीच्या पत्रव्यवहारातून कळते थडग्यांवरून नव्हे. म्हणून हे लेख कागदपत्रांशी पडताळून वाचावे लागतात. हवापाण्याने दगडावरील अक्षरे झिजत जातात इमारतींच्या डागडुजीइतकीच लेखांची वाचने, ठसे व छायाचित्रे जतन करणे आवश्यक आहे. एकदा अक्षर पुसले गेले, की घुमट उभा राहूनही इतिहास मुका होतो.