मोड आलेली ब्रोकोली आणि दम्याची कसोटी

दम्याच्या रुग्णाला सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. हळदीचे दूध, तुळशीचा काढा, अमुक भाजीचा रस, तमुक पानांची पूड असे उपाय सुचविणारे आप्तेष्ट घरोघरी असतात. अलीकडे या यादीत ब्रोकोलीची भर पडली आहे. फुलकोबीच्या या हिरव्या भगिनीचे कोवळे मोड खाल्ले की श्वास मोकळा होतो आणि तोंडाने ओढायचा पंप सुटतो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु सद्हेतू हे काही तारण नव्हे. म्हणून सुज्ञ वाचकाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की हे कोणी रीतसर तपासून पाहिले आहे काय?

पाहिले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही परीक्षा झाली. तिची हकिकत जाणून घेण्याजोगी आहे.

या कल्पनेचे मूळही त्याच विद्यापीठात आहे. तेथील शास्त्रज्ञ पॉल टालाले आणि त्यांचे सहकारी यांनी 1992 मध्ये ब्रोकोलीतून सल्फोराफेन नावाचे द्रव्य वेगळे केले. ते भाजीत तयार स्वरूपात नसते. भाजी चावली वा चिरली की तिच्यातील एक विकर दुसऱ्या घटकावर क्रिया करते आणि सल्फोराफेन निर्माण होते. फार शिजविल्यास ते विकर निकामी होते. पुढे 1997 मध्ये याच गटाने दाखवून दिले, की अवघ्या 3 दिवसांच्या कोवळ्या मोडांत या द्रव्याचा मूळ घटक पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या 10 ते 100 पट असू शकतो.

दम्याशी याचा संबंध काय? ॲलर्जीच्या दम्यात धूळ, परागकण, पाळीव प्राण्यांच्या अंगावरील कोंडा यांसारख्या गोष्टींनी शरीराची संरक्षणव्यवस्था विनाकारण खवळते. श्वासनलिकांना आतून सूज येते, त्या आवळतात आणि श्वास कोंडतो. या धुमश्चक्रीत पेशींना इजा करणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये वाढतात. त्यांचा बंदोबस्त करणारी विकरे शरीरापाशी असतात, आणि सल्फोराफेन ती विकरे अधिक प्रमाणात तयार करण्याची चालना पेशींना देते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. तेव्हा मोड खाल्ल्याने श्वासनलिकेची सूज उतरावी, हे अनुमान तर्काला धरून होते.

परंतु अनुमान म्हणजे जमा झालेली रक्कम नव्हे. बाल्टिमोरच्या संशोधकांनी 18 ते 50 वर्षे वयाचे, दम्याचे निदान झालेले 40 प्रौढ निवडले. घरातील कोणत्या ना कोणत्या पदार्थाची त्यांना ॲलर्जी होती, आणि त्यांच्या उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण वाढलेले होते. हा वायू वाढणे म्हणजे श्वासनलिकेत ॲलर्जीची सूज असल्याची खूण. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे या मंडळींचे दोन गट करण्यात आले. एका गटाने 3 दिवस रोज 100 ग्रॅम ब्रोकोलीचे मोड खाल्ले. दुसऱ्या गटाने तितकेच अल्फाल्फाचे, म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात त्या लसूणघासाचे मोड खाल्ले. त्यांत सल्फोराफेन देणारा घटक नसतो.

दुसऱ्या गटाची गरज काय, असे कोणास वाटेल. दमा हा चढउताराचा आजार आहे. काहीही न करता तो चार दिवस शमतो आणि काहीही न करता पुन्हा उसळतो. शिवाय उपचार घेत आहोत या भावनेनेच पुष्कळांना बरे वाटते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर या साऱ्याचे श्रेय भाजीच्या खाती जमा होते. दुसरा गट म्हणजे हिशेबाची ती दुसरी बाजू, जिच्यावाचून ताळेबंद जुळत नाही.

2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोड खाणाऱ्यांच्या रक्तात सल्फोराफेन स्पष्टपणे वाढले होते. परंतु उच्छ्वासातील वायू उतरला नाही, फुप्फुसांची कार्यक्षमता सुधारली नाही आणि संरक्षक विकरांची चालनाही अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे, तर माल गोदामात पोहोचला, त्याची नोंदही झाली. पण विक्री झाली नाही.

या निकालाला मर्यादा आहेत. 3 दिवस हा अल्प काळ आहे आणि 40 ही लहान संख्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मध्यम स्वरूपाचा दमा असलेल्या 45 जणांना 14 दिवस ठरावीक मात्रेत सल्फोराफेन देण्यात आले. श्वासनलिका आवळणाऱ्या औषधाला त्यांपैकी सुमारे 60 टक्के रुग्ण अधिक चांगले तोंड देऊ शकले. मात्र सुमारे 20 टक्के रुग्णांत उलट परिणाम दिसला. एकाला मानवले म्हणून दुसऱ्याला मानवेलच असे नाही, ही जुनी गोष्ट येथे आकड्यांत उमटली आहे.

मग भाज्यांचा दम्यात काहीच उपयोग नाही काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2012 मध्ये दमा असलेल्या 137 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला रोज 5 वाट्यांच्या हिशेबाने भाज्या आणि 2 फळे देण्यात आली. दुसऱ्या गटाच्या आहारात भाज्या 2 वाट्यांहून अधिक नव्हत्या आणि फळ एकच होते. पुढील सुमारे 14 आठवड्यांत, कमी भाज्या खाणाऱ्यांत दमा बळावण्याची शक्यता 2.26 पट आढळली. त्यांच्यापैकी काहींना टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या देऊन पाहिले. त्याने ही उणीव भरून निघाली नाही.

या अभ्यासांतून मला एकच बोध होतो. एखाद्या भाजीचा तीन दिवसांचा चमत्कार सिद्ध झालेला नाही. विविध भाज्या नित्य खाण्याची सवय मात्र लाभाची दिसते. मोठ्या एकरकमी ठेवीपेक्षा नियमित आवर्ती बचत बरी, तसेच हे.

आपल्या अनेक घरांत मोड आलेली धान्ये वर्ज्य मानली जातात, काहींत फुलकोबी आणि ब्रोकोलीही. त्या घरांनी आपण औषधाला मुकतो आहोत, अशी खंत बाळगण्याचे कारण नाही. दुधी, दोडका, पडवळ, भोपळा, टोमॅटो आणि ऋतूतील फळे यांनी ताट भरते.

मुख्य सावधगिरी औषधाविषयीची. दम्याचा रोजचा पंप सूज आत दबवून ठेवतो, म्हणूनच माणसाला ठणठणीत वाटते. आणि ठणठणीत वाटते म्हणून तो पंप ठेवून देतो. सूज चोरपावलांनी परतते आणि एखाद्या रात्री तीव्र झटका येतो. मिरचीच्या, धान्याच्या वा कापसाच्या गोदामात ज्यांचा दिवस जातो, त्यांनी तर हे विशेष ध्यानी ठेवावे. भाजी ताटात असावी आणि पंप खिशात. पंपाची मात्रा कमी करावयाची असल्यास तो निर्णय तपासणी करून वैद्यकीय तज्ज्ञानेच घ्यावा. ब्रोकोलीची पूड विकणाऱ्या दुकानदाराने नव्हे आणि सद्हेतूने सल्ला देणाऱ्या आप्तानेही नव्हे.