आपल्या शाळेचा रेडिओ आणि नवाचा पाढा



गेल्या वर्षी आपल्या शाळेत रेडिओ आला हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. गावातल्या मंडळींनी वर्गणी करून तो घेऊन दिला. परिपाठाच्या वेळी मुलांनी आकाशवाणीचे नागपूर केंद्र ऐकावे, बातम्या ऐकाव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा. पण पहिले दहा दिवस त्यावर नागपूर लागलेच नाही. शेवटी घोडे कुठे अडले होते, ते लिहायचे बरेच दिवस मनात होते. एक तर पुढे रेडिओ हाताळणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडेल. दुसरे असे, की त्या दहा दिवसांत मी एका मुलाला उगाच रागावलो. तेव्हा चार जणांदेखत रागावलो होतो, म्हणून आता चार जणांदेखत, या व्हरांड्याच्या भिंतीवर लिहितो आहे.

रेडिओ डब्यातून काढला तेव्हा चौथीतल्या एका मुलाने त्याची दोन-चार बटणे दाबून पाहिली. मुले दाबणारच. नंतर मी मध्यमलहरीवर नागपूर शोधायला बसलो. नागपूर ५८५ वर आहे हे मला लहानपणापासून पाठ. बटण दाबले की आकडा पुढे सरके : ५६०, ५७०, ५८०, आणि एकदम ५९०. पुन्हा मागे आलो, तरी तेच. ५८० वर कोणी तोंडात बोळा कोंबून बोलत असावे असा आवाज, ५९० वरही तसाच. रात्री घरी नेला, तर ८१० वर राजकोटचे गुजराती खणखणीत. ७४० वर हैदराबादचे तेलुगू बऱ्यापैकी. म्हणजे सातशे-आठशे किलोमीटरवरचे गुजराती येते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे नागपूर येत नाही! सकाळी मुलांनीही तेच सांगितले, "गुरुजी, नागपूर लागूनच नाही राहिलं."

मी त्या मुलाकडे वळून म्हणालो, "तूच काहीतरी दाबून ठेवलंस." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून रेडिओच्या टेबलाजवळ फिरकलाही नाही.

उलगडा केला सातवीतल्या एका मुलीने. आपल्या शाळेत हवामानाची नोंदवही आहे, तिच्यात ती रोज तापमान लिहिते. रेडिओच्या पडद्यावरही कोपऱ्यात तापमान उमटते. डबा उघडला त्याच मिनिटाला, कोणी हात लावायच्या आधी, तिने वहीत लिहिले होते : "भिंतीवरचा तापमापक २९, रेडिओ ८४." तिने वही माझ्यापुढे धरली. "गुरुजी, रेडिओत एवढा ताप काहून?" ८४ म्हणजे फॅरनहाइट. आपण सेल्सिअसमध्ये मोजतो, त्याचे २९ होतात. फॅरनहाइटने रोजची हवा मोजणारा मोठा देश म्हणजे अमेरिका. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रेडिओ कारखान्यातूनच अमेरिकेच्या मापावर लावून आला होता! या जातीच्या सेटमध्ये तापमानाचे माप आणि मध्यमलहरीच्या पायरीचे माप दोन्ही एकाच बटणावर असतात. आणि ८४ हा आकडा मुलाने हात लावायच्या आधीचा. म्हणजे त्या मुलाचा काडीचाही दोष नव्हता.

आता हे पायरीचे प्रकरण समजून घ्या.

आजोबांच्या रेडिओला पट्टी आणि सुई असते. बटण फिरवले की सुई सरकत जाते, पट्टीवर हवी तिथे थांबते. ती घसरगुंडी समजा, मध्ये कुठेही अडून राहता येते. आपला रेडिओ हा जिना आहे. पाय पायरीवरच पडणार, दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. पायरी किती उंच असावी हे देशांनी मिळून ठरवलेले आहे. १९७५ साली जिनिव्हाला परिषद भरली, आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मध्यमलहरी केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर आले. अमेरिका खंडात मात्र १० चे अंतर राहिले. (५८५ किलोहर्ट्झ म्हणजे त्या केंद्राची लहर एका सेकंदाला ५ लाख ८५ हजार वेळा कंप पावते.)

म्हणून आपल्याकडची मध्यमलहरीची केंद्रे नवाच्या पाढ्यात बसतात. नागपूर ५८५ : ५ अधिक ८ अधिक ५ बरोबर १८, नवाने भाग जातो. पुणे ७९२ : बेरीज १८. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ : बेरीज १८. हैदराबाद ७३८ : पुन्हा १८. अंकांच्या बेरजेची ही कसोटी तुम्ही गणितात शिकला आहात. ती रेडिओच्या पडद्यावर अशी समोर येईल असे मलाही वाटले नव्हते.

दहा-दहाच्या जिन्यावर ५८५ ही पायरीच नाही. ५८० आणि ५९० च्या बरोबर मध्ये, दोन्हींपासून पाच-पाच दूर. म्हणून नागपूरचा आवाज दोन्हीकडे बोळा कोंबलेला. हैदराबादचे ७३८ हे ७४० पासून दोनच दूर, म्हणून ते बऱ्यापैकी. मग राजकोट चोख का लागले? सातवीच्या मुलांनी उत्तर काढले. ९ आणि १० यांचा लसावि ९०. जे आकडे ९० च्या पाढ्यात आहेत, म्हणजे ५४०, ६३०, ७२०, ८१०, ते दोन्ही जिन्यांवर सापडतात. राजकोटचे ८१० त्यातलेच निघाले.

तेव्हा नवा रेडिओ आणला की पहिले काम हे : मध्यमलहरीवर जाऊन बटण एक-एकदा दाबा आणि आकडे पाहा. ५३१, ५४०, ५४९ असे सरकले तर ठीक. सगळ्यांच्या शेवटी शून्यच येत असेल तर माप बदला. काही सेटना मागे लहान खटका असतो, काहींत रेडिओ बंद असताना एक ठरावीक बटण दाबून धरावे लागते. कोणते, ते डब्यातल्या कागदावर छापलेले असते. तो कागद फेकू नका. आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी वह्यांना कव्हर घालायला गेला होता! माप बदलले की आधी साठवून ठेवलेली केंद्रे पुसली जाण्याची शक्यता असते, म्हणून हे काम अगोदर, केंद्रे साठवायचे काम नंतर.

केंद्रे साठवायला रेडिओला आपोआप शोधण्याचे बटण आहे. ते दाबले की तो स्वतः वरपर्यंत जिना चढतो आणि जिथे जोरदार केंद्र सापडेल तो आकडा लक्षात ठेवतो. सोय चांगली, पण रेडिओ शहाणा नाही. मध्यमलहरीसाठी हे बटण रात्री दाबू नका. दिवसा सूर्याच्या उन्हाने वरच्या हवेत एक थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. रात्री शोध घेतला की रेडिओ लांबलांबची पाहुणे मंडळी साठवून ठेवतो, आणि सकाळी त्यातले एकही घरात नसते. सकाळी, नागपूर बोलत असताना शोधा.

आता रेडिओ ठेवायचा कसा? बाहेर ओढायची जी लांब काडी आहे ती मध्यमलहरीच्या कामाची नाही, हे पुष्कळ मोठ्यांनाही माहीत नसते. काडी एफएमसाठी. हिशेब करून पाहा. लहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला ५८५ ने भागले की नागपूरच्या लहरीची लांबी येते, सुमारे ५१३ मीटर. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झची लहर फक्त ३ मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, म्हणजे साधारण काडीएवढा. ५१३ मीटरला कुठली काडी पुरणार? त्यासाठी रेडिओच्या पोटात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. रेडिओ पडला की ती मोडते, म्हणून तो कठड्यावर ठेवायचा नाही.

या कांडीची एक गंमत आहे, ती प्रत्येकाने करून पाहावी. नागपूर लावा आणि रेडिओ टेबलावर हळूहळू गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम पडेल. तिथे थांबा. त्या वेळी रेडिओची आखूड बाजू, म्हणजे कांडीचे टोक, नागपूरच्या रोखाने आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ताडून पाहा, आपल्या गावाहून नागपूर ईशान्येला आहे. (टोके दोन आहेत, त्यामुळे नैऋत्येची दिशाही तीच दिसते. कोणती खरी, ते नकाशा सांगेल.) आता तिथून काटकोनात वळवा. रेडिओचे पोट किंवा पाठ नागपूरकडे झाली की आवाज सगळ्यांत चांगला. टेबलावर खडूची रेघ आखून ठेवली आहे ती याचसाठी.

खरखरीवरही हाच उपाय. आपल्याकडे अवकाळीच्या विजा कडकडतात त्या वेळची खरखर सोडा, ती थांबणार नाही. पण एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर, सौरपंपाची पेटी यांची भुणभुण मध्यमलहरीला फार जाचते. रेडिओ त्यांच्यापासून चार हात दूर न्या. शेताच्या कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, तिची सेकंदा-दीड सेकंदाला टक् टक् अशी खूण ऐकू येते. तारेला ओले गवत टेकले की ती आणखी वाढते. एका आजोबांनी रेडिओवरची टक् टक् ऐकून आपल्या कुंपणाला गवत लागले असल्याचे ओळखले, आणि ते खरेही निघाले. दिव्याची भुणभुण मात्र घालवता येत नसेल तर कांडीचे टोक दिव्याकडे करा. नागपूर थोडे कमी होईल, पण भुणभुण त्याहून जास्त कमी होईल.

एफएमला वेगळा नियम. काडी पूर्ण ओढा, मग उभी-आडवी करून पाहा. या लहरी डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत, तेव्हा खिडकीजवळ किंवा उंचावर ठेवा. तिथे खरखर मध्यमलहरीपेक्षा पुष्कळ कमी.

सेलबद्दल दोन गोष्टी. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, आणि लांब सुट्टीत सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून पत्रा खातात. शिवाय, काही रेडिओंना चार्जरची वायर जोडून आतले सेल भरता येतात. ते भरायचे सेल निराळे असतात, त्यांच्यावर तसे लिहिलेले असते. दुकानातले साधे सेल आत असताना वायर कधीही जोडू नका. ते तापतात, फुटूही शकतात. सेल काढल्यावर घड्याळ शून्यावर येते ते बिघाड नव्हे, पुन्हा लावायचे. आणि बटणे काहीच ऐकेनाशी झाली तर पडद्यावर कुलपाचे चित्र आहे का, ते आधी बघा.

एक प्रश्न परवा एका पालकांनी विचारला. त्यांच्या नातेवाइकांनी लंडनहून आणलेल्या रेडिओवर 'डिजिटल' लिहिले आहे, पण त्या भागावर इथे एकही केंद्र येत नाही. त्याचे कारण 'डिजिटल' शब्दाचे दोन अर्थ. आपल्या रेडिओत केंद्र लावण्याची रीत तेवढी आकड्यांची आहे, येणारी लहर जुनीच. त्यांच्या रेडिओत लहरच आकड्यांत बांधलेली येते. त्या पद्धतीला डॅब म्हणतात. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती १९९५ साली सुरू केली. नॉर्वेने तर २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद करून तीच ठेवली. आपल्या देशात डॅबची नियमित केंद्रे नाहीत. आकाशवाणीने मध्यमलहरीसाठी डीआरएम नावाची दुसरी पद्धत घेतली आहे. तिच्यासाठी वेगळा सेट लागतो, आपल्या रेडिओवर ती नुसती एकसारखी सूं-सूं ऐकू येते. लंडनच्या रेडिओवर एफएम असेल तर ते इथे चालेल, तेवढे वापरावे.

त्या दहाव्या दिवशी माप बदलले. पडद्यावर ८४ चे २९ झाले. चौथीतल्या त्या मुलाला मी बोलावले, "माझं चुकलं, आता तूच लाव," म्हटले. तो थोडा वेळ उभाच राहिला. मग एकेक पायरी मोजत ५७६ वर आला, माझ्याकडे पाहिले, आणि एकदा दाबले. ५८५. नागपूर असे स्वच्छ बोलू लागले की बाहेर हौदावर पाणी भरणाऱ्या बायाही थांबल्या.

आता रेडिओच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते. कपाटात एक शंभर पानी वही आहे. ज्याला जे केंद्र लागेल त्याने तिच्यात आकडा, वेळ, भाषा आणि आवाज कसा होता ते लिहायचे, आणि शेजारी नवाने भाग देऊन दाखवायचे. भाग गेला नाही तर आकडा पुन्हा पाहून यायचे.