सात तास ओलं पान

ऑक्टोबरमध्ये नागझिऱ्याचं चोरखमारा गेट उघडलं की माणसं वाघ पाहायला येतात. मी मात्र गावातल्या एका अंगणाशीच अडकलो, कारण तिथल्या गुलाबाची पानं निळी होती. आजूबाजूला लोंबीवर आलेलं धान, कुंपणाच्या आत गुलाबाची तीन झुडपं, आणि त्यांच्यावर चुन्याच्या शिंतोड्यांसारखे निळसर डाग.

"बोर्डो आहे," घरातल्या मावशी म्हणाल्या. एका मगात दहा ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्हींत अर्धा अर्धा लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं, एवढंच. मग त्यांनी विळ्याचं टोक त्या निळ्या पाण्यात बुडवून धरलं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, पानं करपणार. पातं स्वच्छ निघालं.

फ्रान्समधल्या बोर्दोकडे वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासायचे. त्याच वेली रोगातून वाचलेल्या दिसल्या आणि 1885 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्देनं हे मिश्रण औषध म्हणून जगापुढे मांडलं. त्या औषधाला चोरखमाऱ्यात प्लॅस्टिकचे दोन मग पुरतात.

पण मावशींचा भर औषधावर नव्हता. "पान सात तास ओलं राह्यलं का रोग बसला." हा आकडा त्यांना उद्यानविद्या शिकणाऱ्या भाच्यानं दिलेला. काळ्या ठिपक्यांची बुरशी पानावर रुजायला साधारण तेवढाच ओलावा मागते. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं तर दव त्यात भर घालतं आणि सात तास सहज भरतात. झाडाखाली पडलेलं प्रत्येक पान त्या वेचत होत्या. मी एक हातात घेतलं: काळा ठिपका, त्याची कड फाटक्या झालरीची, भोवती पिवळेपणा. ठिपका पडलेलं पान बोर्डोनं बरं होत नाही. बोर्डो फक्त निरोगी पानाची राखण करतो. वेचलेली पानं थेट चुलीत.

मावा कळ्यांच्या देठांवर दाटला होता आणि मुंग्यांची रांग त्याचा गोड पाझर चाटायला चढत होती. मावशींनी तो चिमटीत चिरडला, उरलेल्यावर पाण्याची धार मारली. एका फांदीला हातही लावला नाही. तिथे ढालकिड्याची अळी मावा फस्त करत होती. खोडावरची खवले कीड जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडली. शेंड्याकडून काळी पडत आलेली फांदी आत हिरवं लाकूड दिसेपर्यंत छाटून कापावर बोर्डोचाच घट्ट लेप लावला.

एवढ्यात शेजारचा तरुण पाठीवर पंप घेऊन आला. तुडतुड्यांसाठी धानाच्या बांधीत फवारून आला होता, थोडं औषध उरलं होतं. "मावशी, गुलाबाले मारून देऊ?" त्या पंपाचा वास त्याच्याआधी अंगणात आला होता: उग्र, रॉकेलसारखा, घशात बसणारा. डबीवर पिवळा त्रिकोण, म्हणजे लालच्या खालोखाल जहाल. तोंडाला साधा रुमालही नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण गेले. तो वास घशात असताना मला तेच आठवत राहिलं.

मावशींची कारणं जास्त रोकडी होती. नातवंडं पाकळ्या तोडून खातात. शिवाय याच पंपानं बांधावर तणनाशक मारलेलं. मागे एकदा त्याचा अंश राहिला आणि गुलाबाची नवी पालवी दोरीसारखी पिळून निघाली. तीन झुडपांसाठी पंप हवाच कशाला, हे मला तरी पटलं. शहरातल्या गच्चीवरच्या बागेतही आपण पहिल्या ठिपक्याला बाटलीच शोधतो. कात्री मागून सुचते, झाडाखालचा पाचोळा तर कधीच नाही.

"मग सात तास जपले की झालं?" मी विचारलं.

"भुरीले तो हिशेब नाई चालत." खरंच आहे. भुरीच्या बीजाणूंना ओलं पान मानवत नाही. कोरडे दिवस आणि दमट, गार रात्री मिळाल्या की थंडीत ती कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी पसरते. तिच्यासाठी पाण्यात मिसळायची गंधकाची भुकटी घरात आणून ठेवली होती.

"पाहाची असन तं डिसेंबरात या," त्या म्हणाल्या आणि तरुणाला पंप नळाशी नको, लांब नेऊन धू म्हणून ओरडल्या.