चित्र वर्गाबाहेर जाते तेव्हा

‘शिक्षणासाठी आहे, मग कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही,’ असे अनेक शिक्षक खात्रीने सांगतात. काही शाळांत याच्या उलट धास्ती असते : नेटवरचे एकही चित्र वापरायचे नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना मुभा देते. प्रश्नपत्रिका आणि उत्तरेही त्यात येतात. दिल्ली विद्यापीठातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर, अभ्यासासाठी पुस्तकांतील पानांच्या प्रती काढून दिल्याबद्दल, ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेचा अर्थ उदारपणे लावला : ती प्रत्यक्ष तासापुरती नाही, आणि कसोटी पानांच्या संख्येची नसून शिकवण्याच्या गरजेची आहे. तेव्हा वर्गातल्या पडद्यावर पेशीची आकृती दाखवणाऱ्या बाईंनी घाबरण्याचे कारण नाही.

मात्र तीच पीपीटी यूट्यूबवर सर्वांसाठी खुली झाली, किंवा तेच चित्र विकायच्या गाइडमध्ये छापले, की ही मुभा गृहीत धरता येत नाही. तिथे चित्रकाराची परवानगी किंवा चित्रासोबतचा परवाना हवा. माझ्या मते बहुतेक घोळ याच उंबरठ्यावर होतो.

चित्राखाली ‘सौजन्य : गूगल’ लिहून तो सुटत नाही. गूगल चित्र शोधून देते. ते काढणारा माणूस दुसराच असतो. त्याचे नाव दिले तरी नाव म्हणजे परवानगी नव्हे. चित्रावर © नसले, नोंदणी केलेली नसली, तरी हक्क चित्र तयार होताच निर्माण होतो आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रे केव्हाच मोकळी झाली आहेत. आज कोणी त्यांवरून नव्याने चित्र रंगवले, तर त्यातल्या नव्या भागावर मात्र त्याचा हक्क असू शकतो.

फुकट मिळणे आणि मोकळे असणे यांतही फरक आहे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ कोणीही उतरवून घेऊ शकतो, पण हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव असल्याचे त्यातच छापलेले असते.

चित्रकार ज्यांतून वापराची परवानगी अटींसह आधीच देऊन ठेवतो, ते क्रिएटिव्ह कॉमन्सचे सगळे परवानेही सारखे नाहीत. ‘बाय’मध्ये श्रेय दिले की पुरते, ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, म्हणजे गाइड बाद. मराठी शिक्षकांना सगळ्यात जास्त अडवतो तो ‘एनडी’. हृदयाच्या आकृतीवरची इंग्रजी नावे पुसून मराठी नावे घातली की तो बदल ठरतो, आणि बदललेली आकृती इतरांना वाटता येत नाही. अशा वेळी ‘एनडी’ नसलेले चित्र शोधावे आणि त्याखाली चित्राचे नाव, चित्रकार, मूळ दुवा आणि परवाना लिहून मराठी नावे घातल्याचेही नमूद करावे.

किंवा आकृती स्वतः काढावी. हृदयाच्या रचनेवर कोणाचाही कॉपीराइट नाही. स्वतः काढलेली आकृती इतर शाळांसाठी खुली करायची असेल, तर आधी संस्थेशी बोलून घ्यावे, कारण वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी संस्थेकडे जाते.