प्लॉट पाडण्यापूर्वी शेतातील झाडे मोजा

जळगाव व धुळे शहरांलगतच्या शिवारात शेतजमिनीचे निवासी प्लॉट पाडण्याचे प्रमाण वाढले आहे. या जमिनींच्या बांधावर व नाल्याकाठी अंजन, चिंच, आंबा, मोह, जांभूळ अशी जुनी झाडे उभी असतात. "जमीन माझी, झाड माझे, रेखांकन मंजूर झाले म्हणजे झाड तोडण्यास हरकत नाही," असा अनेकांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. रेखांकनाची मंजुरी व झाड तोडण्याची परवानगी या दोन वेगळ्या बाबी आहेत.

वृंदावनचे प्रकरण

उत्तर प्रदेशात वृंदावनजवळ दालमिया फार्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी जमिनीवर निवासी वसाहतीसाठी प्लॉट पाडावयाचे होते. सप्टेंबर 2024 मध्ये तेथील 454 झाडे विनापरवाना तोडण्यात आली. त्यांपैकी 422 झाडे खाजगी जमिनीत व 32 झाडे रस्त्याच्या कडेला होती. हा भाग ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात येतो व तेथे वृक्षतोडीवर सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत. 25 मार्च 2025 रोजी न्यायालयाने प्रत्येक झाडामागे एक लाख रुपये, म्हणजे एकूण 4 कोटी 54 लाख रुपये दंड कायम केला. दंड कमी करण्याची विनंती मान्य झाली नाही. तोडलेल्या झाडांइतके आच्छादन पुन्हा तयार होण्यास किमान शंभर वर्षे लागतील, असे न्यायालयाने नमूद केले.

हा दंडाचा दर आपल्या भागास जसाच्या तसा लागू नाही. परंतु झाडे खाजगी मालकीची असल्याने ती बेकायदा तोड माफ होत नाही, हा धडा सर्वत्र सारखाच आहे.

आपल्याकडे कोणता कायदा लागू होतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 25 नुसार खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर सर्वसाधारणपणे खातेदाराचा हक्क असतो. मात्र तोडीवर पुढील कायद्यांचे नियंत्रण आहे.

1) ग्रामीण भाग : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964. याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ इत्यादी झाडे आहेत. ही झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूड हलविण्याचा वाहतूक परवाना हा त्याहून वेगळा.

2) नगरपालिका व महानगरपालिका हद्द : झाडांचे संरक्षण व जतन यासंबंधीचा 1975 चा अधिनियम. येथे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. झाड जाळणे किंवा त्यास इजा करणे हेही तोडीतच धरले जाते. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा अधिक वयाचे झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाच्या वर्षांइतकी नवीन झाडे लावून जगविण्याची तरतूद आहे.

3) अनुसूचित जमातीचे खातेदार : त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र अधिनियम आहे. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये.

गाव शहराच्या हद्दीत आले की लागू होणारा कायदाही बदलतो. उदाहरणार्थ, 2018 मध्ये वलवाडी, अवधान इत्यादी गावे धुळे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. म्हणून आपला गट क्रमांक आज कोणाच्या हद्दीत आहे याची प्रथम खात्री करावी.

अंजनाचे झाड का राखावे?

अंजन हा खानदेशच्या कोरड्या, मुरमाड जमिनीत टिकणारा आपला स्थानिक वृक्ष आहे. उन्हाळ्यात पाला जनावरांना उपयोगी पडतो, सालीपासून दोर होतात आणि लाकूड अत्यंत कठीण व जड असते. त्याचे सोटमूळ खोल जाते, म्हणूनच ते अवर्षणात तग धरते. परंतु याच कारणामुळे मोठे झाड उपटून दुसरीकडे लावणे सहसा यशस्वी होत नाही. रोपाची सुरुवातीची वाढ मंद असते आणि भरपूर बी काही वर्षांच्या अंतरानेच येते. एक मोठे अंजन गेले की त्याची जागा भरून निघण्यास एक पिढी जाते. चंदनाचे तर आंतरराष्ट्रीय लाल यादीतच 'असुरक्षित' जातींमध्ये नाव आहे.

प्लॉट पाडताना घ्यावयाची काळजी

1) मोजणीच्या वेळीच प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरील घेर व अंदाजे वय लिहून ठेवावे. ओळख पटत नसल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

2) सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे की नाही ते पहावे. नसल्यास करून घ्यावी.

3) नकाशावर झाडांच्या जागा दाखवून मगच रस्ते व प्लॉट आखावेत. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.40 हेक्टर व त्यावरील रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ही जागा जुन्या झाडांभोवती आखल्यास प्लॉट वाया जात नाही व झाडही वाचते.

4) गटार व जलवाहिनीचे चर झाडाच्या घेराबाहेरून न्यावेत. बुंध्याशी मुरूम टाकू नये किंवा काँक्रीट करू नये.

5) विसारपावती व विकसन करारात झाडांची यादी जोडावी आणि परवानगीची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट लिहावे. जमीन आपल्या नावावर असेपर्यंत विनापरवाना तोडीची नोटीस आपल्याच नावे येण्याचा संभव असतो.

6) तोड अटळ असल्यास लेखी परवानगी हाती पडल्यानंतरच कुऱ्हाड लावावी. "अर्ज दिला आहे" म्हणजे परवानगी नव्हे.

सावली देणारे जुने झाड असलेला प्लॉट खानदेशच्या उन्हाळ्यात घेणाऱ्यालाही हवासा वाटतो. तेव्हा शेतकरी बंधूंनी आधी झाडे मोजावीत आणि मगच प्लॉटच्या रेषा आखाव्यात.